वैनगंगेची वळणे



महाराष्ट्रातील नद्यांचे नाव निघाले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे सह्याद्री उभा राहतो. गोदावरी काय, भीमा काय, कृष्णा काय, साऱ्यांचा उगम पश्चिमेच्या घाटमाथ्यावर आणि साऱ्यांची तोंडे पूर्वेकडे. पुण्या-नाशिकच्या मुलाला नदी पश्चिमेकडून येते हे शिकवावेच लागत नाही. आमच्या पूर्व विदर्भाची गोष्ट मात्र निराळी आहे. आमची नदी उत्तरेकडून येते. तिचा सह्याद्रीशी काडीचाही संबंध नाही. ती सातपुड्याची लेक आहे, आणि तुमसरचा शेतकरी पावसाळ्यात आपल्या डोक्यावरच्या आभाळाकडे जितक्या काळजीने पाहतो, तितक्याच काळजीने शिवनी-बालाघाटच्या डोंगरांत काय पडले याची चौकशी करतो. या नदीचे नाव वैनगंगा. आज तिच्या मार्गाविषयी, आणि त्या मार्गाने घडवलेल्या इतिहासाविषयी, चार गोष्टी आपणांस सांगण्याचा विचार आहे.

प्रथम नकाशा डोळ्यांपुढे आणावा. मध्य प्रदेशातील शिवनी शहराच्या जवळ, सातपुड्याच्या पठारावर मुंडारा नावाचे खेडे आहे. तेथे वैनगंगेचा उगम मानतात. उगमापासून तिला सरळ दक्षिणेला उतरून नागपूरच्या मैदानात येता आले असते, कारण पठाराची कड तेथून फार दूर नाही. पण ती तसे करीत नाही. ती प्रथम उत्तरेची वाट धरते, नागपूर-जबलपूर रस्त्यावरच्या छपाऱ्याजवळून जाते, तेथून पूर्वेला वळते, आणि शिवनी जिल्ह्याला एक मोठा अर्धवर्तुळाकार वळसा घालते. या वळशात असताना तिच्याकडे पाहणाऱ्यास कोणी सांगितले नाही, तर ही नदी नर्मदेस मिळावयास निघाली आहे असेच त्याला वाटेल. नर्मदेचे खोरे तेथून अगदी शेजारी आहे. लखनादौनच्या बाजूला पडलेला पाऊस शेर नदीतून नर्मदेस मिळतो आणि खंबायतच्या आखाताकडे जातो. त्याच ढगातला जो पाऊस थोडा अलीकडे छपाऱ्याच्या अंगाला पडतो तो वैनगंगेत येतो आणि बंगालच्या उपसागराला मिळतो. मधला पाणलोट उंच पर्वताचा नाही. सहज ओलांडून जावा इतकाच आहे, आणि तरीही एका ढगाचे पाणी त्याने दोन समुद्रांना वाटून दिलेले आहे.

पूर्वेच्या टोकाला मंडला जिल्ह्याकडून थांवर नदी येऊन मिळते आणि तेथे वैनगंगा आपला निर्णय फिरवते. ती एकदम दक्षिणेला वळते. यापुढचा तिचा काही मैलांचा प्रवास मोठा खडतर आहे. बालाघाट जिल्ह्यात शिरताना कठीण खडक कापून अरुंद घळईतून, उतरत्या धारांतून आणि खोल डोहांतून ती वाट काढते. डोंगर संपले की मात्र तिचा स्वभाव पालटतो. पात्र रुंद होते, वाळू पसरते, दोहों बाजूंना धानाचे बांध लागतात. बालाघाट, भंडारा, पुढे नागपूरच्या उमरेड भागाला थोडा स्पर्श, मग चंद्रपूर आणि गडचिरोली, अशी ती दक्षिणेकडे जात राहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते. तेथून पुढे दोघींचेही नाव संपते आणि प्राणहिता हे नाव सुरू होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत जाते. उगमापासून वर्धेच्या संगमापर्यंत वैनगंगेची लांबी जुन्या मोजणीप्रमाणे ३६० मैल, म्हणजे सुमारे ५८० किलोमीटर भरते.

तुमसर तालुक्याजवळ येते ती हीच रुंद पात्राची, संथ वैनगंगा. उत्तरेकडून बावनथडी तिला येऊन मिळते. ही बावनथडीही शिवनीच्या डोंगरांतली, आणि आज काही अंतर ती दोन राज्यांची शीव बनून वाहते. पुढे देव्हाडीजवळच्या माडगी येथे नदीच्या पात्रातच एक खडकाळ टेकडी उभी आहे व तिच्यावर नृसिंहाचे देऊळ आहे. कार्तिकी पौर्णिमेला तेथे यात्रा भरते. पावसाळ्यात ही टेकडी चारी बाजूंनी पाण्याने वेढली जाते. उन्हाळ्यात तेच पात्र वाळवंट होते आणि ढिवर मंडळी त्या वाळूत टरबूज-डांगराच्या वाड्या लावतात. नदीचे एकच पात्र चार महिने मासळीचे आणि चार महिने वाडीचे, ही व्यवस्था पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. आता रेतीघाटांचे लिलाव होऊ लागल्यापासून या वाड्यांच्या वाळूला भलताच भाव आला आहे.

नदीच्या नावात ‘गंगा’ आहे ते आदराचे. महाराष्ट्रात नदीला गंगा म्हणण्याची चालच आहे. खरे नाव पहिल्या अर्ध्या शब्दात आहे. वेणा, वेण्या, बेण्णा अशी त्याची जुनी रूपे सापडतात. साताऱ्याकडची वेण्णा निराळी. नावांच्या सारखेपणामुळे जुन्या ग्रंथांतला उल्लेख नेमका कोणत्या नदीचा याविषयी नेहमीच घोळ होतो. परंतु आमच्या नदीविषयी एक पुरावा असा आहे की ज्याचे स्थान हलवणे कठीण. तिरोडी हे गाव बालाघाट जिल्ह्यात आहे, आणि तुमसरहून तेथे आगगाडीचा फाटा जातो. या तिरोडीस वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. हा राजा इसवी सनाच्या पाचव्या शतकातला आणि ताम्रपट त्याच्या २३व्या राज्यवर्षाचा. बेण्णाकट नावाच्या विभागातील कोसंबखंड हे गाव त्याने दान दिल्याचे त्यात लिहिले आहे. त्याच राजाच्या शिवनी येथील ताम्रपटात बेण्णाकार्पर नावाचा विभाग आला आहे. बेण्णाकट म्हणजे बेण्णेच्या काठचा प्रदेश, आणि बेण्णा म्हणजे वैनगंगा, असा उलगडा नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केला. वाकाटकांचे सर्व लेख एकत्र करून त्यांनी सिद्ध केलेला मोठा ग्रंथ १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला.

या दोन ताम्रपटांवरून मला एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी वाटते. पंधराशे वर्षांपूर्वीच्या कारभाऱ्यांनी विभागाचे नाव नदीवरून ठेवले होते, आणि नदी ही त्या विभागाची कड नसून त्याचा कणा होती. एका काठाचा मुलूख एकाचा आणि दुसऱ्या काठाचा दुसऱ्याचा, असे त्या नावात नाही. पुढे हे उलटे झाले. ते क्रमाने येईलच.

आता प्रवाहाबरोबर थोडे खाली जाऊ. भंडारा ओलांडल्यावर पश्चिमेकडून कन्हान येऊन मिळते. कन्हानने आधीच छिंदवाड्याकडच्या पेंचला आणि नागपूरच्या नाग नदीला आपल्यात घेतलेले असते. या संगमाचे ठिकाण अंभोरा. आम, मुर्झा यांसारखे लहान प्रवाहही तेथेच मिळत असल्याने लोक त्यास पंचनदींचा संगम म्हणतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे देवालय आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांना अंभोऱ्याचे महत्त्व वेगळ्या कारणाने आहे. मुकुंदराजांचा ‘विवेकसिंधु’ हा शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ चा ग्रंथ, मराठीतील अगदी आरंभीच्या ग्रंथांत गणला जातो. त्याच्या प्रचलित संहितेत वैनगंगेच्या तीरावरील अंबानगरीचा उल्लेख येतो. मुकुंदराजांच्या गुरुपरंपरेतील हरिनाथांची समाधी अंभोऱ्यास दाखवतात. मराठवाड्यातील अंबाजोगाईचे लोक मुकुंदराजांवर आपला हक्क सांगतात, तेथे त्यांची समाधीही आहे, आणि हा वाद अद्याप चालूच आहे. मी वैनगंगेकाठचा माणूस. माझे मत श्रोत्यांनी पुराव्यात धरू नये.

अंभोऱ्याच्या खाली पवनी. वैनगंगेकाठच्या गावांत वयाने वडील गाव हेच म्हणावे लागेल. गावाभोवती मातीचा प्रचंड तट आणि खंदक आहे. नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व खाते यांनी मिळून १९६९-७० मध्ये तेथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी आणि चांडकापूरची टेकडी या दोन्ही ठिकाणी बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. मौर्यकाळापासून सातवाहनकाळापर्यंत ते वाढत गेल्याचे आढळले. मुचलिंद नागाचे नाव कोरलेले शिल्प तेथे मिळाले. महाक्षत्रप कुमार रूपिअम्म या परदेशी नावाच्या पुरुषाचा स्मृतिस्तंभही पवनीचाच. पश्चिम किनाऱ्यापासून इतक्या दूर, जंगलांनी वेढलेल्या या गावात क्षत्रपांचा स्तंभ कशाला असावा? ज्या अर्थी तो आहे, त्या अर्थी वैनगंगेचा हा काठ जगाच्या वाटेवर होता, आडरानात नव्हता. पवनीचे कोष्टी रेशीमकाठी वस्त्रांसाठी प्रसिद्ध होते, हेही या गावाच्या जुन्या व्यापाराचेच अंग समजावे.

आणखी पुष्कळ खाली, गडचिरोली जिल्ह्यात, मार्कंडा आहे. दक्षिणेकडे वाहणारी ही नदी येथे थोडे अंतर पुन्हा उत्तरेला वळते. उत्तरवाहिनी नदी आपल्याकडे पवित्र मानतात, म्हणून त्या वळणावर देवळांचा मोठा समूह उभा राहिला. जनरल कनिंगहॅम यांनी गेल्याच्या मागील शतकात ही देवळे पाहून त्यांचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आहे. मुख्य देवळाला विजेने मोठी इजा केली होती, तरी उरलेले शिल्प पाहून माणूस थक्क होतो. उगमानंतरचे वळण उत्तरेचे आणि शेवटच्या टप्प्यातले हे वळणही उत्तरेचेच, हा योगायोग गमतीचा आहे.

येथवर नदीच्या काठी माणसांनी काय केले ते पाहिले. नदीच्या पाण्याचे काय केले, हा प्रश्न निराळा, आणि त्याचे उत्तर परक्या माणसास चमत्कारिक वाटते. वैनगंगेच्या पाण्यावर भंडारा जिल्ह्याचे धान पिकले नाही. ते तलावांच्या पाण्यावर पिकले. नदीचे काठ उंच, पात्र खोल, आणि पुराचा जोर असा की जुन्या साधनांनी तिला बांध घालणे अशक्य. म्हणून गोंड राजांच्या काळात येथे स्थायिक झालेल्या कोहळी समाजाने नदी सोडून दिली आणि तिला मिळणारे लहान नाले अडवले. दोन टेकड्यांच्या मधली नेमकी जागा हेरून मातीची पाळ घालायची, सांडव्याला खडक पाहायचा, आणि एका तलावाचे जास्तीचे पाणी खालच्या तलावात सोडायचे, ही विद्या त्यांना पोथीशिवाय येत होती. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने बांधल्याची कथा सर्वश्रुत आहे. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात असल्याने मालगुजारी तलाव म्हटले जाऊ लागले. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळीवर माती टाकणारा, गाळ काढणारा धनी कोण, हा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षे लोंबकळत राहिला. भंडाऱ्यास तलावांचा जिल्हा म्हणतात, ते या अर्थाने नदीला दिलेले उत्तर आहे.

नदी शेतीच्या उपयोगाची नाही, तर मग वाहतुकीच्या तरी असेल, असा विचार इंग्रजांच्या मनात आला. त्याची हकीकत थोडी विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण ती आज जवळजवळ विस्मरणात गेली आहे. तिसरे रघूजी भोसले १८५३ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. १८६१ मध्ये मध्यप्रांत निर्माण झाला. त्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, आणि साहेबांचे लक्ष वऱ्हाड-नागपूरच्या कापसाकडे वळले. कापूस पिकत होता. तो समुद्रापर्यंत न्यायचा कसा, एवढीच अडचण. गोदावरीच्या मुखाशी धरण बांधून कीर्ती मिळवलेल्या सर आर्थर कॉटन यांच्या पंथाच्या लोकांनी नकाशा पुढे ओढला. वर्धा आणि वैनगंगा प्राणहितेत, प्राणहिता गोदावरीत, गोदावरी समुद्रात. म्हणजे निसर्गाने रस्ता करूनच ठेवला होता. मधले खडक तेवढे टाळायचे. मध्यप्रांताचे चीफ कमिशनर सर रिचर्ड टेम्पल हेही या कल्पनेचे मोठे पुरस्कर्ते होते.

मधले खडक मात्र साधे नव्हते. दुम्मागुडेम, इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील देवलमरी अशा तीन ठिकाणी खडकांच्या मोठ्या रांगा नदीला आडव्या पडलेल्या होत्या. त्यांना वळसा घालण्यासाठी बांध, कालवे आणि होड्या वर-खाली करण्याचे दरवाजे बांधण्याचे काम हेग नावाच्या इंजिनिअराच्या देखरेखीखाली सुरू झाले. जंगल दाट, हिवतापाचा कहर, मजूर मिळत नाहीत, मिळाले तर टिकत नाहीत. आणि एवढे करूनही मूळ अडचण कायम राहिली. ती अडचण आमच्याकडच्या ढिवराच्या पोरालाही ठाऊक होती. ही नदी पावसाळ्यात नाव चालेल इतकी भरते. हिवाळा सरला की तिच्यात घोटाभर पाणी उरते. कापूस तर पावसाळा संपल्यावर वेचला जातो. ज्या महिन्यांत माल तयार, त्या महिन्यांत रस्ता कोरडा!

इकडे १८६७ मध्ये मुंबईची आगगाडी नागपुरास येऊन पोहोचली. अमेरिकेतले युद्ध त्यापूर्वीच संपले होते. अखेर १८७१ मध्ये जलमार्गाचे काम सोडून देण्यात आले. नदीचा उतार आग्नेयेस बंगालच्या उपसागराकडे. आमचा कापूस आणि पुढे आमचे धान मात्र निघाले पश्चिमेस मुंबईकडे. एका प्रांताच्या व्यापाराचे तोंड नदीच्या तोंडाच्या उलट दिशेला वळले ते त्या दहा वर्षांत, आणि तेव्हापासून आजतागायत ते तसेच आहे. माझ्या मते पूर्व विदर्भाच्या आर्थिक इतिहासात भोसल्यांचे राज्य जाण्याच्या खालोखाल महत्त्वाची घटना हीच होय.

१८८२ पर्यंत नागपूरहून राजनांदगावपर्यंत अरुंद रुळांचा लोहमार्ग तयार झाला. तो पुढे बंगाल-नागपूर रेल्वेकडे गेला, रुंद करण्यात आला आणि हावड्याच्या मोठ्या मार्गाचा भाग बनला. तुमसररोडच्या पुढे, माडगीजवळ, हा मार्ग वैनगंगा ओलांडतो. तुमसरची धानाची बाजारपेठ या स्टेशनामुळे नावारूपास आली. नंतर चिखला, डोंगरी बुजुर्ग आणि नदीपलीकडचा बालाघाट या पट्ट्यात मँगॅनीजच्या खाणी सुरू झाल्या आणि तुमसर-तिरोडी फाटा खनिजाच्या वाघिणींनी गजबजला. डोंगरी बुजुर्गचे मँगॅनीज कोरड्या बॅटऱ्यांत वापरतात. आपल्या घरातल्या विजेरीत वैनगंगेकाठचा दगड असण्याचा पुष्कळ संभव आहे.

आता ताम्रपटांच्या वेळी अर्धवट सोडलेला धागा उचलतो. नदी कण्याची कड कशी झाली? त्याचा आरंभ १८६७ मध्ये झाला. त्या वर्षी मंडला, शिवनी आणि भंडारा यांचे तुकडे घेऊन बालाघाट हा नवा जिल्हा करण्यात आला. तरी प्रांत एकच होता; बालाघाटचा तंटा आणि तुमसरचा तंटा नागपुरातच सुटत असे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. भंडारा जिल्हा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. बालाघाट व शिवनी मध्य प्रदेशात राहिले. भाषेच्या दृष्टीने ते योग्यच झाले, आणि त्यासाठी आम्ही लोकांनी आनंद मानला. परंतु त्या दिवशी नदीचे वरचे अर्धे एका राज्यात आणि खालचे अर्धे दुसऱ्या राज्यात गेले. उगम, डोंगर आणि अर्धवर्तुळाचा सारा वळसा त्यांच्याकडे. मैदान आणि पूर आमच्याकडे. तालुक्याच्या सीमेवरील खेड्यांत सोयरीक नदीपलीकडची, बाजार अलीकडचा आणि सातबारा दोन राज्यांचे, अशी स्थिती झाली. १९९९ मध्ये भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, तेव्हा नदी काही अंतर जिल्ह्यांचीही शीव झाली.

पाण्याची वाटणी ठरवण्यासाठी गोदावरी पाणी तंटा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. न्यायमूर्ती बच्छावत त्याचे अध्यक्ष होते. १९८० मध्ये अंतिम निवाडा झाला. त्यापुढची चाळीस वर्षे ही धरणांची होत. वर शिवनी जिल्ह्यात भीमगड येथे संजय सरोवर झाले. बावनथडीवर दोन्ही राज्यांनी मिळून सितेकसाजवळ धरण बांधले. भांडणातून निघालेली ही एक बरी गोष्ट. आणि खाली पवनीजवळ गोसीखुर्द. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली. ज्या नदीला कोहळ्यांनी हात लावला नव्हता, तिला अकरा किलोमीटरांहून अधिक लांबीची भिंत आणि ३३ दरवाजे घालण्यात आले. अडीच लाख हेक्टर जमीन भिजवण्याचा संकल्प आहे. ३७२ कोटी रुपयांचा म्हणून मान्य झालेला हा प्रकल्प पुढे कित्येक हजार कोटींवर गेला. २००९ मध्ये त्यास राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पाणी अडले, गावे उठली, ढिवरांची वाळूतली वाडी आणि डोहातली मासळी दोन्ही गेली. कालव्यांचे जाळे मात्र भिंतीच्या मागे फार रेंगाळले. पहिल्या पिढीने जमीन दिली आणि पाण्याची वाट पाहण्यात तिचे केस पिकले, हे कोणत्याही पक्षाच्या माणसास नाकारता येणार नाही.

या अडलेल्या पाण्याची एक दुसरी बाजूही आहे. नागपूर शहराचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानेत आणि कन्हानेतून वैनगंगेत येते. नदी वाहती होती तोवर ते पुढे निघून जात असे. आता ते गोसीखुर्दच्या फुगवट्यात थांबते. भंडारा शहर पिण्याचे पाणी वैनगंगेतूनच घेते. पाण्यावर जलपर्णीचे हिरवे गालिचे पसरलेले पाहून बाहेरगावच्या पाहुण्यास शोभा वाटते, गावच्या माणसास वाटत नाही.

ऑगस्ट १९२० नव्हे, ऑगस्ट २०२० चे शेवटचे तीन दिवस भंडारेकर विसरणार नाहीत. शतकाचा आकडा मुद्दाम स्पष्ट करून सांगतो, कारण ती हकीकत ऐकताना जुन्या काळची वाटते. भंडाऱ्यात पाऊस तेवढा नव्हता. पाऊस पडला तो उत्तरेला, मध्य प्रदेशात. तिकडची धरणे भरली, दरवाजे उघडले, आणि वैनगंगा व तिच्या उपनद्या एकाच वेळी खाली उतरल्या. भंडारा शहराचे सखल भाग पाण्यात गेले. गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीतील काठची गावे वेढली गेली. पूर्वसूचना पुरेशी व वेळेवर मिळाली नाही, अशा तक्रारी झाल्या. वरच्या धरणाचा दरवाजा किती उघडला हे खालच्या गावाला नदी सांगण्याच्या आत माणसाने सांगावे, एवढीच ती मागणी होती. वाकाटकांच्या बेण्णाकटात ही मागणी कोणाकडे करावी हा प्रश्न पडला नसता. आज दोन राज्यांचे दोन विभाग आहेत, आणि शिवनीहून निघालेले पाणी त्यांच्या पत्रव्यवहारासाठी खोळंबत नाही.

शेवटच्या टोकाला, सिरोंच्याजवळ, आणखी एक सरहद्द लागते. प्राणहिता-गोदावरी संगमाच्या खाली तेलंगण राज्याने बांधलेला मेडीगड्डा बंधारा २०१९ मध्ये सुरू झाला, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे काही खांब खचले. त्याच्या फुगवट्याने सिरोंचा तालुक्यातील शेतजमिनी बुडाल्याची तक्रार तिथल्या शेतकऱ्यांची होती. म्हणजे उत्तरेच्या टोकाला आम्ही खालचे, आणि दक्षिणेच्या टोकाला आमचेच भाऊबंद वरच्या अंगाला असूनही पाण्याखाली.

आता सर्वांत नवे वळण. ऑगस्ट २०२४ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने वैनगंगा-नळगंगा नदीजोड प्रकल्पास मान्यता दिली. गोसीखुर्दपासून सुमारे ४२६ किलोमीटर लांबीचा कालवा काढून वैनगंगेचे पाणी नागपूर, वर्धा, अमरावती, यवतमाळ, अकोला या जिल्ह्यांतून बुलढाणा जिल्ह्यातील नळगंगेपर्यंत न्यावयाचे, असा हा संकल्प आहे. खर्चाचा अंदाज ८७ हजार कोटी रुपयांच्या वर आणि भिजणारी जमीन पावणेचार लाख हेक्टरांच्या घरात. वऱ्हाडच्या खारपाण पट्ट्यातील शेतकऱ्याने किती सोसले आहे हे पाहता त्याला पाणी नको असे म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. परंतु गोसीखुर्दच्या लाभक्षेत्रातील सर्व पाटचाऱ्या आधी वाहू लागाव्यात, असे पवनी-लाखांदूरकडचा शेतकरी म्हणत असेल तर तेही अवाजवी नाही.

नळगंगा पूर्णेस मिळते, पूर्णा तापीस, आणि तापी सुरतेच्या खाली अरबी समुद्रास. शिवनीच्या पठारावर नर्मदेच्या शेजारून वाहत जाऊनही पश्चिम समुद्राकडे न गेलेली ही नदी. तो कालवा झाला, तर तिच्या पाण्याचा एक वाटा मुंडाऱ्याच्या दक्षिणेला शेकडो किलोमीटर प्रवास करून, धरणाच्या दारातून मागे वळून, अखेर तिकडच्याच खोऱ्यात जाऊन पडेल.